बोलावणं परक्याला

भानुमतीबाईंची शाळा चौथीत सुटली, आणि तीही अर्ध्यात. परीक्षेच्या दिवशी घरात पापड लाटायचे होते, आणि पापड परीक्षेसाठी थांबत नाहीत. पण त्यांच्या जिभेला कुठल्या शाळेची गरज पडली नाही. दीक्षितपुऱ्याच्या गल्लीत भाजीवाला हातगाडी घेऊन शिरला, की आधी त्यांच्या दाराकडे बघे. मराठिन अम्मा ओट्यावर असली, तर सडका टोमॅटो तो आपण होऊनच बाजूला काढून ठेवी.

त्या सोमवारी दुपारी त्या मटार सोलत बसल्या होत्या. जबलपूरचा मटार डिसेंबरात असा येतो, की घराघरात परातीच पराती. समोर नात रुचिरा लॅपटॉप मांडीवर घेऊन भिंतीला टेकली होती. लेक राजश्रीची ही मुलगी. राजश्री नवऱ्यासोबत सिहोऱ्याला, तिथल्या शाळेत मास्तरीण. रुचिरा कॉलेजसाठी आजीजवळ राहायची आणि शनिवारी बसने आईकडे जायची.

"ओहाला तुबिएरा आलास," रुचिरा म्हणाली. मग पुन्हा तेच, जरा लांबवून.

"काय झालं गं? कुठं दुखून राहिलं?"

"दुखत नाही आजी. स्पॅनिश आहे. होमवर्क."

"मग अशी कण्हून काहून राहिली?"

रुचिरा हसली. पुण्यात म्हणे एका कंपनीत स्पॅनिश येणारी मुलं हवी असतात. म्हणून तिने फोनवरचा, कॉम्प्युटरवरचा असा काहीतरी वर्ग लावला होता. हे पुणं भानुमतीबाईंच्या मनात खड्यासारखं बोचत होतं, पण त्या बोलत नव्हत्या.

"मॅडमनी पाच इच्छा लिहायला सांगितल्या आहेत. अशा, की ज्या पुऱ्या होणार नाहीत."

"होणार नाहीत हे ठाऊक आहे, तर लिहायच्या कशाला? कागद फुकट आला का?"

"त्यांच्यात असं बोलायची वेगळी पद्धतच आहे ना. मला पंख असते तर. आज इथं समुद्र असता तर. किंवा मग..." रुचिरा थांबली. "अण्णा असते तर."

भानुमतीबाईंच्या हातातली शेंग उकलायची राहिली. अण्णा म्हणजे शरच्चंद्र, त्यांचे यजमान. फॅक्टरीत तोफांचे सुटे भाग करायचे. रिटायर व्हायच्या आधी त्यांनी हे चार खोल्यांचं घर बांधलं, खाली दोन, वर दोन, आणि वास्तुशांतीला भटजींनी सांगितलेलं भानुमतीबाईंनी गाठीला बांधून ठेवलं होतं: घरात वास्तुपुरुष बसलेला असतो. तुम्ही जे बोलाल त्याला तो 'तथास्तु' म्हणत असतो. म्हणून घरात वावगं बोलू नये.

चलो, त्या गोष्टीला वीस वर्षं झाली. वीस वर्षांत त्या एकदाच चुकल्या होत्या.

तेवढ्यात रुचिराचा फोन वाजला. सिहोऱ्याहून राजश्री. "आजीला दे," एवढंच म्हणाली.

"बोल," भानुमतीबाई म्हणाल्या.

"आई, दादाचा फोन आला होता."

दादा म्हणजे अच्युत. भानुमतीबाईंचा थोरला, एकुलता एक मुलगा. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला असतो. पवनचक्क्यांच्या कंपनीत गेला, तिथलीच लुसीया नावाची मुलगी केली, आणि मुलगी झाली तर तिचं नाव ठेवलं नर्मदा. नऊ वर्षांची आहे. आजीने तिला फोटोतच पाहिलेलं.

"मग?"

"जानेवारीत पुण्याला येऊन राहिला कंपनीच्या कामानं. लुसीया नि नर्मदाला पण घेऊन. संक्रांतीला चार दिवस इकडे येऊ शकतो. पण आई..." राजश्रीचा आवाज जपून पावलं टाकत होता. "तो म्हणतो, आई 'ये' म्हणाली तर येईन. शुक्रवारपर्यंत त्याला ऑफिसात सुट्टीचं सांगावं लागतं."

"नाही तर?"

"नाही तर पुण्याहून परत. नि मार्चमध्ये ते सगळे चिलीला चालले. तिकडे बदली घेतली त्यानं. तिथून यायला दोन दोन दिवस लागतात, आई. आता नाही आला तर मग..." पुढचं तिने सोडून दिलं.

भानुमतीबाईंनी सोललेले दाणे एका बोटाने परातीत सारखे केले.

"मी काहून म्हणू? बोलावणं परक्याला असतं. घरचा माणूस आपला येतो."

"मला तर दर दिवाळीला बोलावतेस."

"तू दिल्या घरची. तो माझा."

मग राजश्री म्हणाली, "अच्छा. म्हणजे मी परकी. ठीक आहे. पण माझं सोड. तूच त्याला येऊ नको म्हणालीस ना? मग 'ये' पण तुलाच म्हणावं लागेल."

"अक्कल शिकवू नको. मास्तरीण शाळेत."

फोन ठेवला. रुचिरा लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली होती, पण तिचे कान कुठे होते ते भानुमतीबाईंना कळत होतं.

येऊ नको म्हणाल्या होत्या, हे खरं. करोनाचं ते दुसरं वर्ष, एप्रिल महिना. शरच्चंद्र दवाखान्यात गेले ते घरी आलेच नाहीत. खांदा तर त्या दिवसांत कुणी कुणाला दिला नाही. गाडी आली आणि घेऊन गेली. विमानं बंद, अच्युत तिकडे अडकलेला. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. घरात आवाज तुटत होता म्हणून भानुमतीबाई दारात आल्या आणि तिथे उभ्या राहून म्हणाल्या, "ज्याला बापाचं तोंड बघायला येता आलं नाही, त्यानं आता या दारात पाऊल टाकू नये."

लहानपणी ज्याने दहातली एक गोष्ट ऐकली नाही, त्या मुलाने नेमकी ही ऐकली.

तेव्हापासून भानुमतीबाई एकच हिशेब करत आल्या होत्या. आपला पाय उंबऱ्याच्या आत होता, की बाहेर? एक आत आणि एक बाहेर, असंच त्यांना आठवायचं. मग वास्तूने ते धरलं की सोडलं? असलं कुणाला विचारणार? भटजींना विचारावं तर ते शांती करायला सांगतील आणि गल्लीभर होईल.

संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर त्या रुचिराजवळ येऊन बसल्या.

"ते तुझं कण्हणं आहे ना," त्या म्हणाल्या, "त्यात 'तू घरी यावंस' असं कसं म्हणतात?"

रुचिराने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मुलगी हुशार होती. "दोन प्रकारे म्हणता येतं आजी. एक, जेव्हा होण्यासारखं असतं तेव्हा. ओहाला बेंगास. देव करो नि तू येवोस, असं. आणि दुसरं, जेव्हा होणं कठीण असतं, मनाला माहीत असतं की नाही होणार, तेव्हा. ओहाला बिनिएरास. आला असतास तर किती बरं झालं असतं, तसं काहीसं. आपल्याला पहिलं घ्यायचं."

"दुसरं."

"अरे, पण मामा तर येऊ शकतो! मग पहिलं..."

"दुसरं, म्हटलं ना."

"पण काहून?"

भानुमतीबाईंनी पदर सारखा केला. "होण्यासारखं मागायला गेलं की समोरचा नाही म्हणू शकतो. जे होणारच नाही ते मागितलं, तर नाही कोण म्हणेल? आणि हे काही बोलावणं नाही हं. सांगून ठेवते. मी माझं नुसतं म्हणून राहिली. कुणी ऐकलं तर ऐकलं."

"मग मराठीतच म्हण ना. मामाला मराठी येतं."

"मराठीत म्हटलं तर ते बोलावणंच झालं."

रुचिराने पेन उचललं. 'ओहाला बिनिएरास आ मि कासा,' तिने देवनागरीत वहीवर लिहिलं आणि वाचून दाखवलं. कासा म्हणजे घर. मि कासा म्हणजे माझं घर.

"माझं काढ. नुसतं घर ठेव."

"ओहाला बिनिएरास आ कासा."

"हे बरं आहे," भानुमतीबाई म्हणाल्या. "घर काय माझ्या एकटीचं आहे?"

मंगळवार आणि बुधवार मटार सोलण्यात गेले. एक शेंग, एकदा वाक्य. पहिल्या दिवशी 'बिनिएरास'वर जीभ अशी अडखळायची, जशी चपलेचा अंगठा तुटल्यावर पावलं. कधी 'बिनेरास', कधी 'बियानेरास'. रुचिरा हसू दाबायची.

"हसतेस काय? तुझी ती मॅडम 'चाळीस' म्हणून दाखवेल का?"

"मॅडम जळगावच्या आहेत आजी."

"मग तर तिला लाज वाटायला हवी."

पण भानुमतीबाईंना खरी काळजी मॅडमची नव्हती, अच्युतची नव्हती. ती लुसीयाची होती. नऊ-दहा वर्षांत सुनेशी एक अक्षर बोलणं झालेलं नाही, आणि पहिलंच अक्षर बोबडं निघालं तर ती नवऱ्याकडे बघून हसेल. नर्मदाही हसेल. एवढी वर्षं ताठ ठेवलेली मान एका शब्दापायी कुणाच्या हसण्यापुढे वाकवायची, हे त्यांच्याने होण्यासारखं नव्हतं.

बुधवारी सकाळी दूधवाला गणपत दारात आला. रोजचं अर्धा लिटर मापून देऊन निघाला, तर भानुमतीबाई मागून म्हणाल्या, "भैया, सुनो. बारा जनवरी से दो लीटर देना. पाँच दिन."

"मेहमान आ रहे हैं, अम्मा?"

"तुम दूध दो. जनगणना मत करो."

गणपतने बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं आणि गेला. रुचिराने हे आतून ऐकलं. तिने आईला मेसेज केला: 'आजीने दूध वाढवलं.' सिहोऱ्याहून राजश्रीने उत्तरात नुसते हात जोडले.

गुरुवारी दुपारी वाक्य सरळ निघायला लागलं. दहादा म्हटलं, तर नऊ वेळा नीट.

"झालं आजी," रुचिरा म्हणाली. "आता रेकॉर्ड करू. पाठवून देते."

"दहावं कुठं नीट झालं?"

"कुणाला कळणार नाही."

"मला कळलं ना. उद्या."

"उद्या शुक्रवार. उद्या शेवटचा दिवस."

"शेवटचा दिवस म्हणजे दिवस असतोच ना? की तो मोजायचा नसतो?"

शुक्रवारी भानुमतीबाई पहाटेच उठल्या. न्हाऊन झालं, मोरपंखी इंदुरी साडी नेसून झाली. ती साडी त्या लग्नकार्यालाच काढत. मग देवाला फूल वाहताना सहज म्हणून त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. मराठी कॅलेंडर, राजश्रीने नागपूरहून आणलेलं, कारण इथल्या पंचांगांचे महिने पंधरा दिवस आधीच बदलतात. आजच्या चौकोनात काळा गोल होता. मार्गशीर्षातली अमावस्या.

त्या हातातलं फूल धरून तशाच उभ्या राहिल्या.

"आजी, करायचं ना?" रुचिरा फोन घेऊन आली होती.

"आज अमावस्या."

"मग?"

"मग काय? अमावस्येला कुणी गोड बोलतं का? एकदा मी या घरात भलतं बोलले, त्याची फळं पाच वर्षं चाखून राहिली. आता चांगलं बोलायचं, तर काळ्या दिवशी बोलू?"

"आजी, तिकडे कुणी अमावस्या बघत नाही!"

"चंद्र एकच आहे. त्यांनी बघितली नाही म्हणून अमावस्या टळत नाही."

रुचिरा कॉलेजला जायची थांबून बसली. भानुमतीबाई चष्मा लावून कॅलेंडरच्या मागच्या पानावरचं बारीक अक्षर वाचत राहिल्या. अर्ध्या चौथीच्या जोरावर जेवढं वाचता येतं तेवढं, बोट फिरवत. आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"रात्री आठ वाजून बारा मिनिटांनी संपते. तिकडे तेव्हा किती वाजतात?"

रुचिराने फोनवर बघितलं. "पावणेचार. दुपारचे."

"शुक्रवारच ना?"

"हो."

"बघ!" भानुमतीबाईंनी परातीवर हात आपटला, तशी परात वाजली. "आपली अमावस्या संपलेली असेल आणि त्याचा शुक्रवार शिल्लक असेल. आपल्यापेक्षा साडेचार तास जास्त. याला म्हणतात अक्कल. चौथी नापास बाईची."

रुचिरा म्हणाली, "मी मामाला नुसतं सांगून ठेवते, की रात्री मेसेज येईल."

"खबरदार! मग ते बोलावणंच झालं की. सांगून सवरून." आणि त्यांनी तिच्या हातातला फोन घेऊन देवघराच्या फळीवर, समईच्या मागे ठेवून दिला. "आठ बाराला घे."

पाच वाजता फळीवर फोन थरथरला. राजश्री. भानुमतीबाईंनी घेतला.

"आई, बोललीस का गं त्याच्याशी? तो सकाळपासून वाट पाहून राहिला."

"रात्री बोलेन. जेवणं झाली की."

"आई, शुक्रवार आहे."

"मला वार कळतात. त्याचा शुक्रवार माझ्यापेक्षा साडेचार तास लांब आहे."

"मी त्याला सांगू का, तू बोलणार आहेस म्हणून?"

"जिभेला गाठ मार तुझ्या," भानुमतीबाई म्हणाल्या, पण आवाजात राग नव्हता. गेल्या कित्येक दिवसांत राजश्रीने तो आवाज ऐकला नव्हता. त्या आवाजापायीच ती गप्प बसली, नाही तर तिने सांगितलं असतं.

रात्री आठला दोघींची जेवणं झाली होती. भानुमतीबाईंनी देवापुढे पाट टाकला. उंबऱ्याजवळ नाही, दारात नाही. घराच्या अगदी मधोमध, दोन्ही पाय आत. या वेळी वास्तूला पळवाट ठेवायची नव्हती. आठ तेराला रुचिराने फोन त्यांच्या तोंडासमोर धरला.

"ओहाला बिनिएरास आ कासा," भानुमतीबाई म्हणाल्या. एका दमात. दहावं होतं की अकरावं, पण चुकलं नाही.

मग त्या क्षणभर थांबल्या, आणि कुणी शिकवलं नव्हतं तरी पुढे म्हणाल्या, "नर्मदा."

गेलं. आधी एक खूण, मग दोन. मग दोन्ही निळ्या झाल्या.

"ऐकलं त्यानं," रुचिरा कुजबुजली.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. भानुमतीबाईंनी साडीच्या निऱ्या दोनदा सारख्या केल्या. मग फोन वाजला. पडद्यावर अच्युत. केस पिकलेले. बापासारखा दिसायला लागला होता, हे भानुमतीबाईंनी पाहिलं आणि नजर फोनवरून जराशी बाजूला, समईवर ठेवली.

"आई," तो म्हणाला. पाच वर्षांनी.

"जेवलास?"

"हो. आई, तू कधी शिकलीस हे?"

"मटार सोलता सोलता."

तो हसला. हसताना त्याने डोळ्यांवरून हात फिरवला. "आई, मी दोन वाजेपर्यंत फोन समोर ठेवून बसलो होतो."

"आता वाजले किती तिथं?"

"चार."

"मग? शुक्रवारच ना?"

"आमचं ऑफिस शुक्रवारी तीनला बंद होतं, आई."

भानुमतीबाईंची नजर कॅलेंडरकडे गेली. चंद्राचा हिशेब केला होता, घड्याळाचा केला होता. शुक्रवारी तीनला कुलूप लावणारी कचेरी जगात असते, हे कुठल्या कॅलेंडरच्या मागे लिहिलेलं असतं?

"दोन वाजता मी सुट्टी नको म्हणून सांगितलं," अच्युत म्हणाला. "मला वाटलं, तुझं उत्तर आलंच. गप्प राहणं हेच तुझं उत्तर. मग त्यांनी ते चार दिवस चेन्नईच्या कामाला लावले. लुसीया आणि नर्मदा माझ्यासोबत येणार होत्या त्या तुझ्यासाठीच. त्यांचं रद्द केलं. त्या आता जानेवारीत सरळ चिलीला पुढे जातील, घर लावायला."

"मामा, बदलता येत नाही?" रुचिरा फोनच्या मागून म्हणाली.

"कठीण आहे." मग तो एकदम पुढे झाला, पडदाभर त्याचं तोंड. "आई, तू आता म्हण. नुसतं 'ये' म्हण. मराठीत. मी सोमवारी त्यांच्या पाया पडतो. होईल की नाही माहीत नाही, पण पडतो. एक शब्द बोल."

रुचिराने आजीच्या दंडावर हात ठेवला. शब्द कितीसा होता! शेंगेतल्या एका दाण्याएवढा. भानुमतीबाईंच्या तो जिभेवर आलाही, ओठ उघडले. पण मुलाने साहेबाच्या पाया पडायचं, आणि कशासाठी, तर आईने आपलाच शब्द गिळून बोलावलं म्हणून? आणि पाया पडूनही साहेब नाही म्हणाला तर? तर बोलावूनही मुलगा आला नाही, असं होणार. न बोलावता आला नाही, हे निदान सांगता येतं.

"संक्रांतीला इथं थंडी फार असते," त्या म्हणाल्या. "पोरीला सोसणार नाही."

रुचिराचा हात दंडावरून गळून पडला.

अच्युतने मान हलवली, लहानपणी मार खाल्ल्यावर हलवायचा तशी. "बरं, आई."

मागे कुणाची तरी चाहूल लागली. काळ्या कुरळ्या केसांची एक मुलगी त्याच्या खांद्यावरून डोकावली. त्याने तिच्या कानात काहीतरी सांगितलं, पुन्हा सांगितलं. तिने ओठ हलवून घोकून बघितलं. मग फोनकडे बघून, एकेक शब्द काठीने टोचून बाहेर काढावा तशी ती म्हणाली, "आजी, आम्ही आलो असतो."

"स्पष्ट आहे उच्चार," भानुमतीबाई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर रुचिराने आपली वही घेतली आणि वर निघून गेली. भानुमतीबाई पाटावर बसून राहिल्या. मग उठून त्यांनी साडी बदलली. मोरपंखी साडी घडी करून पेटीत ठेवली.

सोमवारी काही फोन आला नाही. मंगळवारी राजश्रीचा आला, तिने खुशाली विचारली आणि भावाचं नाव काढलं नाही. जानेवारी उजाडला. भानुमतीबाईंनी तिळगूळ केला, गल्लीत वाटण्यापुरता. रुचिराचं पुण्याचं काम झालं. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला हजर व्हायचं होतं.

बारा जानेवारीला सकाळी गणपतने दारात हाक दिली. भानुमतीबाई रोजचं पातेलं घेऊन गेल्या. त्याने मापाने एकदा ओतलं, दोनदा ओतलं, आणि ओततच राहिला. पातेलं काठोकाठ भरलं.

"बस, बस! इतना क्यों?"

"अम्मा, आप ही तो बोली थीं. बारा से दो लीटर." गणपतने आत डोकावल्यासारखं केलं. घरात कुणाचा आवाज नव्हता. "मेहमान आ गए?"

भानुमतीबाईंना आठवलं. इतक्या दिवसांत त्याला नको म्हणून सांगता आलं असतं. रोज तो दारात येत होता. रोज सांगायचं राहून जात होतं.

"मेहमान काहे के? घर के लोग," त्या म्हणाल्या आणि पातेलं दोन्ही हातांनी धरून, न सांडता आत आल्या.

दूध गॅसवर चढवून त्या तिथेच उभ्या राहिल्या. एवढं दूध त्यांनी बऱ्याच वर्षांत तापवलं नव्हतं. शरच्चंद्र होते, मुलं होती, तेव्हा तापायचं. रुचिरा केस विंचरत स्वयंपाकघरात आली. पातेल्यात बघितलं.

"खीर करते," भानुमतीबाई म्हणाल्या. "पोटभर खा. पुण्यात कोण देणार?"

"आजी."

"काय?"

"मी पुण्याला गेल्यावर मला बोलावशील ना?"

रुचिराने हसत विचारलं होतं, पण कंगवा केसांत तसाच थांबला होता.

"आपल्या घरी यायला बोलावणं कशाला लागतं?" भानुमतीबाई म्हणाल्या.

तोंडातून निघून गेल्यावर त्यांना ते ऐकू आलं. त्यांनी खाली पाहिलं. दोन्ही पाय घरातच होते. ते मागे घेणारं काही बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात दूध वर आलं, आणि त्या गॅस बंद करायला वळल्या.